मुंबई ते न्यूयॉर्क : प्रवासाच्या तासांचा हिशेब करताना या चुका टाळा

तिकिटावर दिसतं : मुंबईहून पहाटे 1.25, न्यूयॉर्कला सकाळी 7.55, तारीख तीच. साडेसहा तासांत अमेरिका! दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळातल्या, तरी सरळ वजाबाकी केली की असं होतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं; ते मिळवले की खरे 16 तास निघतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे घेतात, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा. जाणं ऑक्टोबरात आणि येणं डिसेंबरात असेल, तर दोन्ही हिशेब वेगळे मांडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र तारखेची. 15 तारखेचं पहाटे 1.25 चं विमान म्हणजे 14 तारखेच्या रात्रीच विमानतळ गाठायचा. 15 च्या रात्री बॅगा घेऊन निघालात, तर विमान केव्हाच पोहोचलेलं असतं. चूक वेळेत लक्षात आली, तर विमान सुटण्याआधी कंपनीला फोन करा. न कळवता गैरहजर राहिलात तर त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही बहुधा रद्द होतो.

अंतराचंही तसंच. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, लिबिया, मोरोक्कोवरून जाते आणि अंतर भरतं सुमारे 14,200 किलोमीटर. पृथ्वी गोल, त्यामुळे खरा जवळचा रस्ता उत्तरेला वळून 65 अंश अक्षांशाच्या आसपास, आइसलँडच्या बाजूने जातो. अंतर साधारण 12,500. त्याला ताशी 900 ने भागून 14 तास धरणारेही चुकतात. वर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, ते जाताना अंगावर येतात आणि येताना पाठीशी असतात. म्हणून परतीला तास-दोन तास कमी लागतात. शिवाय आकाश सगळ्यांना सारखं मोकळं नाही : रशियाने 2022 मध्ये युरोप-अमेरिकेच्या बहुतेक कंपन्यांना, तर पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. वळसा आला की वेळ वाढते, कधी इंधनासाठी मध्ये उतरावंही लागतं. तेव्हा गूगलवरच्या अंतरापेक्षा तिकिटावरचे तास खरे माना.

अमेरिकेतच विमान बदलायचं असेल तर दीड तासाचं अंतर अजिबात ठेवू नका. पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशनची रांग लागते, बहुधा बॅगाही स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. निदान तीन तास हवेत. उतरायचं न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळावर आणि पुढचं विमान न्यूयॉर्कच्याच जेएफके विमानतळावरून, असं स्वस्त तिकीट दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही विमानतळांमध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर आहे. एकाच तिकिटावर पुढचं विमान चुकलं तर कंपनी दुसऱ्यात बसवते. दोन वेगळी तिकिटं असतील तर नवं तिकीट तुमच्या खर्चाने.