चालू व्हीएमला नेटवर्क कार्ड जोडणं आणि काढणं: नवीन येणाऱ्यांसाठी अनुभव

व्हर्च्युअलायझेशनच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी आधी एकच गोष्ट घोटून घ्यायला सांगते. चालू व्हीएमला (म्हणजे खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने चालणाऱ्या मशीनला) दुसरं नेटवर्क कार्ड जोडा, आणि मग मशीन बंद न करता तेच काढून दाखवा. होस्टवरचा (व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनवरचा) ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअर स्विच, पीसीआय बस, गेस्टचा (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमचा) कर्नल, राउटिंग, या सगळ्यांशी एवढ्याशा कामात गाठ पडते. कोर्सला हे चार वेगवेगळे धडे असतात. नोकरीत ते एकाच तिकिटात येतात, आणि तेही डेटाबेस चालू असताना.

सरावाला केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअलायझेशन) आणि लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केलं की पैसे न खर्च करता प्रयोगशाळा उभी राहते. लिबव्हर्टचं डिफॉल्ट नेटवर्क बहुधा १९२.१६८.१२२ या पट्ट्यात मिळतं. त्याच्या शेजारी बाहेर न जाणारं एक आयसोलेटेड नेटवर्क बनवा आणि दुसरं कार्ड तिथे जोडा. दोन्ही कार्डं एकाच सबनेटमध्ये कधीही ठेवू नका. लिनक्स एका कार्डाच्या पत्त्याचं एआरपी उत्तर (हा आयपी कोणत्या कार्डाचा, हे सांगणारं) दुसऱ्या कार्डावरून देतो आणि तुम्ही उगाच भलतीकडे शोधत बसता.

जोडण्याची कमांड सोपी आहे: लिबव्हर्टच्या व्हर्श या टूलची अटॅच-इंटरफेस, मग व्हीएमचं नाव, नेटवर्क किंवा ब्रिज, मॉडेल व्हर्टिओ (खास व्हीएमसाठी बनवलेलं कार्ड). मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) मात्र स्वतः ठरवून द्या. केव्हीएमच्या जगात तो ५२:५४:०० ने सुरू होतो, पुढच्या तीन जोड्या तुमच्या. न दिल्यास लिबव्हर्ट स्वतः बनवतो. पण तिकिटात, गेस्टच्या नेटवर्क प्रोफाइलमध्ये आणि डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेच्या) नोंदीत एकच मॅक आधीपासून लिहिलेला असला की पुढचं सगळं काम त्याच्याच आधाराने होतं.

त्याच कमांडमध्ये लाइव्ह आणि कॉन्फिग असे दोन पर्याय आहेत. लाइव्ह म्हणजे आत्ता चालू असलेल्या व्हीएममध्ये बदल. कॉन्फिग म्हणजे डिस्कवर साठवलेल्या व्याख्येत. नुसतं लाइव्ह दिलं तर कार्ड लगेच दिसतं, सगळे खूश होतात. गेस्ट आतून रीबूट केली तरी ते टिकतं, कारण होस्टवर ही व्हीएम चालवणारी क्यूएमयू प्रोसेस तीच असते. काही महिन्यांनी होस्टच्या देखभालीसाठी व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की कार्ड गायब. तोपर्यंत ते कोणी जोडलं होतं हे कोणाच्या लक्षातही नसतं. म्हणून ‘रीबूट करून तपासलं’ हे उत्तर मी मान्य करत नाही. शटडाउन करा, स्टार्ट करा, मग तपासा.

क्यू३५ या मशीन-प्रकारच्या व्हीएममध्ये कधीकधी पीसीआय स्लॉट शिल्लक नसल्याची एरर येते. तिथे व्हीएम चालू असताना जोडलेल्या प्रत्येक कार्डाला एक मोकळा पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट लागतो, आणि रूट पोर्ट मात्र चालू व्हीएममध्ये घालता येत नाही. व्हीएम बनवतानाच चार-पाच पोर्ट जास्तीचे ठेवावेत, खर्च जवळपास शून्य.

आता गेस्टच्या आत. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, नवीन पीसीआय डिव्हाइसच्या ओळी येतात, आयपी लिंक या कमांडमध्ये नवं नाव दिसतं. विंडोज गेस्टमध्ये व्हर्टिओचा ड्रायव्हर आधी टाकलेला नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं अनोळखी डिव्हाइस दिसेल. लिनक्समध्ये खरा धोका वेगळाच असतो. नेटवर्क मॅनेजर नवं कार्ड दिसताच स्वतःहून प्रोफाइल बनवून डीएचसीपी मागू शकतो. पत्त्याबरोबर गेटवेही आला की डिफॉल्ट रूट दोन होतात, आणि ज्याचं मेट्रिक (प्राधान्याचा आकडा) कमी त्याच्याकडे ट्रॅफिक जातं. त्यात आरपी फिल्टर (पॅकेट योग्य कार्डावरून आलं का ते तपासणारी कर्नलची सेटिंग) कडक असेल तर एका कार्डावर आलेलं पॅकेट कर्नल मुकाट्याने टाकून देतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सर्व्हर अधूनमधून लटकतोय. बॅकअपसाठी किंवा स्टोरेजसाठी जोडलेल्या कार्डाच्या प्रोफाइलमध्ये ‘नेव्हर-डिफॉल्ट’ (या कार्डावरून डिफॉल्ट रूट नको) चालू करा, आणि हे प्रोफाइल कार्ड जोडण्याआधीच मॅक पत्त्यावर बांधून तयार ठेवा. कार्डाच्या नावावर विसंबू नका. ते पीसीआयच्या जागेवरून ठरतं आणि जागा बदलली की नावही बदलतं.

काढण्याचं काम मला जोडण्यापेक्षा कितीतरी जबाबदारीचं वाटतं. जोडताना चुकलं तर काढता येतं. काढताना चुकीचं कार्ड गेलं तर सेवा तिथल्या तिथे बंद.

एका क्लायंटकडे जुनं मॅनेजमेंट नेटवर्क बंद करायचं होतं, तेव्हा आम्ही ज्या क्रमाने गेलो तोच मी आजही शिकवते. आधी होस्टवर व्हर्श डॉम-आयएफ-लिस्ट चालवून मॅक टिपला. गेस्टमध्ये आयपी लिंक चालवून तोच मॅक दिसला, तेव्हाच पुढे गेलो. मग गेस्टमध्ये एसएस कमांडने त्या कार्डाच्या पत्त्यावर कोण ऐकतंय आणि कोण जोडलेलं आहे ते पाहिलं. तिथे मॉनिटरिंगचा एक एजंट सापडला, ज्याचा उल्लेख कुठल्याच कागदात नव्हता. एजंट नव्या पत्त्यावर हलवला. त्यानंतर कार्ड न काढता व्हर्श डॉम-आयएफ-सेटलिंकने नुसती लिंक डाउन केली. व्हीएमच्या दृष्टीने केबल निघाली, कार्ड मात्र जागेवरच. काही तुटलं तर एका कमांडने लिंक परत येते. दोन दिवस कोणाची तक्रार आली नाही, तेव्हाच डिटॅच-इंटरफेस, मॅक देऊन.

हे सगळं करताना तुम्ही कन्सोलवर असायला हवं. जे कार्ड काढताय त्याच्यावरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून बसणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं.

डिटॅच ही गेस्टला केलेली विनंती आहे, हे नीट समजून घ्या. गेस्टच्या कर्नलने डिव्हाइस सोडलं की मगच क्यूएमयू ते काढतो. गेस्ट नुकती बूट होत असेल किंवा अडकलेली असेल तर विनंतीकडे लक्षच जात नाही. कमांड परत आली म्हणजे काम झालं असं धरू नका. यादी पुन्हा पाहा, होस्टवरही आणि गेस्टमध्येही. ओपनस्टॅक या क्लाउड-सॉफ्टवेअरचा व्हीएम सांभाळणारा भाग, नोव्हासुद्धा, डिव्हाइस गेल्याची खबर येईपर्यंत थांबतो आणि गरज पडली तर पुन्हा विनंती करतो. शेवटी गेस्टमधलं जुनं प्रोफाइल पुसा. डेबियनच्या इंटरफेसेस फाइलमध्ये नसलेल्या कार्डाचं नाव ‘ऑटो’सकट राहिलं तर पुढच्या बूटला नेटवर्किंग सर्व्हिस फेल झालेली दिसते.

बाकीच्या प्लॅटफॉर्मवर नियम बदलतात. एडब्ल्यूएस या क्लाउडवर चालू इन्स्टन्सला (व्हीएमला) दुसरा इंटरफेस जोडता येतो, पण मुख्य इंटरफेस काढता येत नाही. अझूरमध्ये कार्ड जोडायला व्हीएम थांबवून डीअलोकेट करावी (तिने घेतलेली होस्टवरची जागा सोडावी) लागते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून जनरेशन २ च्या व्हीएमला चालू असताना कार्ड जोडता येतं.

मुलाखतीत मी उमेदवाराला कमांड विचारत नाही, ती मदत-पानावर मिळते. ‘दोन कार्डांची चालू व्हीएम आहे, एक काढायचं आहे, तू पहिल्यांदा काय बघशील?’ एवढंच विचारते. ज्याने घरी हा सराव केलाय तो आधी मॅक आणि राउटिंग टेबल म्हणतो, आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही छान बोलतो.