फझ पेडलमधला घूंऽऽ आणि डब्याचा रंग

मी घरी जोडलेल्या पहिल्या फझ पेडलमधून (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा पायाशी ठेवायचा डबा) गिटारच्या आधी आकाशवाणी ऐकू आली. रात्रीची जेवणं झाली, अँप लावला, फझचा नॉब पूर्ण उजवीकडे नेला, आणि त्या अखंड घूंऽऽच्या मागे एक बाई संथ आवाजात काहीतरी वाचत होत्या. रूममेट म्हणाली, "रेडिओ मस्त झालाय गं." पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, कारण घरात रेडिओच नव्हता.

सर्किट नेहमीचंच, लंडनच्या आर्बिटरने १९६६ साली गोल डब्यात विकायला काढलेल्या फझ फेसचं. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (नॉबखालचे कमी-जास्त होणारे रेझिस्टर). पाटी-पेन्सिल घेऊन काढता येईल एवढं लहान. एवढ्यात चुकायला जागा कुठे, असं वाटतं. जागा आहे, आणि ती सर्किटबाहेर आहे.

मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. पहिल्या दिवसापासून ट्रान्झिस्टरवर संशय घेतला. बीसी१०८ काढून बीसी१०९ टाकले, कारण ते कमी नॉइजचे म्हणून ओळखले जातात. कार्बनचे रेझिस्टर उपटून मेटल फिल्मचे बसवले. एका सीनियरने सांगितलं म्हणून इनपुटला एक मोठा कपॅसिटर ग्राउंडला (म्हणजे सर्किटच्या समाईक शून्य व्होल्टला) टाकला. घूं तसाच राहिला, वर गिटारचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा झाला. तीन आठवडे गेले. वारंवार तापवल्यामुळे बोर्डावरचे दोन पॅड (भाग सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) उचलून आले आणि मी पेडल कपाटात फेकलं.

बुधवार पेठेत ज्या काकांकडून सुटे भाग घ्यायचे, त्यांच्याकडे नवा बोर्ड मागायला गेले. त्यांनी डबा हातात घेतला, आतून बघितलं आणि विचारलं, "रंग आतूनपण मारलाय का?" मारला होता. दोन हात स्प्रे पेंट, आतून-बाहेरून, कौतुकाने.

ही गोष्ट जरा लांबण लावून सांगते, कारण इथेच माझे तीन आठवडे गेले. ॲल्युमिनियमचा डबा आवाज अडवतो तो ग्राउंडला जोडलेला असेल तर. नसेल तर तो फक्त डबा असतो. उलट आतल्या वायरिंगशेजारी घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची चाहूल टिपणारा पत्रा होतो. बहुतेक पेडलमध्ये डब्याला वेगळी वायर नसतेच. ऑडिओ जॅकचा धातूचा गळा भोकातून बाहेर येतो, नट आवळला की डब्याला टेकतो, तेच ग्राउंड. मध्ये रंग आला की संपलं. पावडर कोटिंग तर त्याहून चिवट.

मला चकवलं ते यामुळे की नटाखालचा दातेरी वॉशर कधीकधी रंग खरवडतो. म्हणजे नट घट्ट केला की घूं कमी, पेडल हलवलं की परत. मला वाटायचं कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड आहे, म्हणून मी परत सगळे जोड तापवायचे. डबा हातात धरला की आवाज बदलायचा, ही सगळ्यात मोठी खूण होती आणि ती मी तीन आठवडे ऐकत होते.

मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि तपासा, पण तपासतानाही फसू नका. प्रोब रंगावर टेकवला तर डबा ग्राउंडला असला तरी बीप येणार नाही. झाकणाच्या स्क्रूच्या भोकात, उघड्या धातूवर टेकवा. दुसरा प्रोब थेट जॅकच्या स्लीव्हवर, म्हणजे ग्राउंडच्या टोकावर. बॅटरीच्या निगेटिव्हवर धरणार असाल तर इनपुटमध्ये गिटारची पिन घालून ठेवा, कारण तिथला स्टिरिओ जॅक पिन घातल्यावरच बॅटरी जोडतो. पिन न घालता मोजलं की सगळंच तुटलेलं दिसतं. (जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, पीएनपी जातीचं सर्किट असेल तर ग्राउंड बॅटरीच्या पॉझिटिव्हला असतं, हेही विसरायला होतं.)

उपाय पाच मिनिटांचा: जॅकच्या भोकाभोवती आतून पॉलिश पेपरने रंग घासायचा. जॅक प्लास्टिकच्या गळ्याचा असेल तर घासून काही होणार नाही. एका स्क्रूखाली टॅग लावून ग्राउंडची वायर द्यायची. अ‍ॅडॉप्टरच्या डीसी जॅकचं मात्र बरोबर उलटं. नेहमीच्या पेडल अ‍ॅडॉप्टरची मधली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची कड पॉझिटिव्ह असते, म्हणून तो प्लास्टिकचाच हवा. धातूचा घेतलात तर ग्राउंडला लागलेल्या डब्यावर थेट ९ व्होल्ट, म्हणजे शॉर्ट.

मी घासलं, आवळलं, आणि बातम्यांच्या बाई गेल्या. अगदी पूर्ण नाही. बोर्डापर्यंत येणारी इनपुटची वायर लांब होती आणि ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधला जोड हा आयता डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) असतो, तो रेडिओच्या लहरीतून आवाज सोलून काढतो. वायर छोटी केली आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर (तिसरा पाय) आणि बेसमध्ये ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला. पिको. सीनियरने सांगितला तसला बोंगा नाही.

आता बाकीचं. सर्वांत आधी अ‍ॅडॉप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावा. आवाज गेला तर बोर्डाला हात लावू नका, दोष अ‍ॅडॉप्टरचा. पुरवठ्यात १०० ओहम आणि ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड घातला की साधारण १६ हर्ट्झच्या वरचं कमी होत जातं. हे सर्किट एक मिलिअँपिअरसुद्धा खात नाही, त्यामुळे व्होल्टेज पडायची भीती नाही. बॅटरीवरही आवाज असेल तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. शांत झालं तर पेडल निर्दोष आहे. गिटारचे सिंगल कॉइल पिकअप (तारांखालची, आवाज टिपणारी एकेरी वेटोळी) ट्यूबलाइटकडे तोंड करून बसलेत एवढंच. फझ आधीचं सगळं शेकडो पटींनी मोठं करतो, कचऱ्यासकट.

फझ पूर्ण केल्यावर किंचाळी येत असेल तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींच्या गळ्यात पडल्यात का बघा. डब्याच्या दोन कडांनी न्या. फूटस्विचपाशी त्या जवळ येणारच, तिथे निदान समांतर धावू देऊ नका.

बारीक सूंऽऽ येत असेल तर घाबरू नका. आवाज एवढा मोठा केला (गेन) की तो असतोच, विकतच्या पेडललाही असतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास आहेत ना, एवढं मोजा आणि पुढे चला. जर्मेनियमवाल्यांनी हे मे महिन्यात परत मोजावं. उन्हात लीकेज (ट्रान्झिस्टरमधून नको असताना झिरपणारा प्रवाह) वाढतं आणि जानेवारीत गाणारं पेडल खोकायला लागतं. जुने ट्रान्झिस्टर वाट्टेल त्या किमतीला घेणाऱ्यांबद्दल मला बोलायचं होतं, पण माझेच मित्र आहेत.

फझचा नॉब फिरवताना होणारी खरखर ही बिघाड नाही. त्या पॉटवर डीसी व्होल्टेज असतं, मूळ रचनेतच आहे. मी त्यासाठी दोन पॉट बदलले होते.

आणि कोणी न बघता "ट्रान्झिस्टर बदल" म्हणालं तर त्याला विचारा, डबा उघडून बघितलास का. काकांनी मला नवा बोर्ड विकला नाही. पॉलिश पेपरचा तुकडा दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. उचललेले दोन पॅड मी वायरने जोडून घेतले; तोच बोर्ड अजून आत आहे.