वीस लिटर शेवाळ: किती कार्बन पकडला, किती तेल निघालं

शेवाळ वाढवणं फारसं अवघड नाही. ते पाण्यातून वेगळं काढणं आणि त्याने खरोखर किती कार्बन डायऑक्साइड घेतला याचा चोख हिशेब ठेवणं, इथे कस लागतो. खालची पद्धत २० लिटरची आहे. मोजमापाला एवढं पुरतं आणि बिघडलं तर ओतून देता येतं.

भांडं आणि पाणी

१५ सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मीटर उंचीची पारदर्शक ॲक्रिलिक नळी उभी करा. याहून रुंद नळी नको, कारण कल्चर (शेवाळ वाढत असलेलं पाणी) दाट झालं की उजेड आत पोचत नाही. तळाशी एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) आणि मिनिटाला ५ लिटर हवा देणारा पंप बसवा. हवेच्या नळीत एकेरी झडप हवीच. ती नसली तर वीज गेल्यावर कल्चर उलटं पंपात शिरतं.

क्लोरेला व्हल्गॅरिस ही जात सुरुवातीला सोयीची. तापमान २५ ते ३० अंश ठेवा. ३५ च्या वर ती मंदावते. नळाचं पाणी वापरणार असाल तर आधी त्यातलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारून घ्या.

खाद्य म्हणून बीजी-११ हे शेवाळासाठीचं क्षारांचं ठरलेलं द्रावण (माध्यम), पण एका बदलासह. मूळ कृतीत लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. त्यातला नायट्रोजन साधारण ३ ग्रॅम कोरडं शेवाळ वाढवायला पुरतो, म्हणजे आपल्या नळीत तो कधी संपतच नाही. आणि नायट्रोजन संपल्याशिवाय क्लोरेला तेल साठवायला लागत नाही. म्हणून मोठ्या नळीत नायट्रेट लिटरला ०.४ ग्रॅमच घाला. लिटरला एक ग्रॅमच्या आसपास वाढ झाली की उपासमार आपोआप सुरू होते आणि माध्यम बदलावं लागत नाही. लोह नेहमी ईडीटीएसोबत (लोह विरघळलेलं ठेवणारं रसायन) द्या, नाहीतर गंजासारखा साका तळाशी बसतो. फॉस्फेट आणि कॅल्शियमची द्रावणं वेगवेगळी निर्जंतुक करून गार झाल्यावर मिसळा.

मूळ कल्चर २०० मिलिलिटर, मग २ लिटर, मग २० लिटर असं दहा-दहा पटींनी वाढवा. थेट मोठ्या नळीत चमचाभर टाकलं तर जिवाणू पुढे जातात.

वायू किती द्यायचा

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. हवेत २ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून सतत सोडला तर मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे उजेडाच्या १२ तासांत ७२ लिटर, सुमारे १३० ग्रॅम. शेवाळाची वाढ रोज लिटरला ०.१ ग्रॅम धरली तर २० लिटरमध्ये दिवसाला २ ग्रॅम. कोरड्या शेवाळात निम्मा कार्बन असतो. त्या हिशेबाने एका ग्रॅमला १.८३ ग्रॅम वायू लागतो, म्हणजे दिवसाला ३.७ ग्रॅम. उरलेला सगळा बुडबुड्यांतून वर निघून जातो. ‘इतका वायू सोडला’ म्हणजे ‘इतका पकडला’ नव्हे.

म्हणून वायू सामू (पीएच) पाहून सोडा. शेवाळ कार्बन आणि नायट्रेट घेतं तसा सामू चढतो. ७.८ ला वायूची सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारी) झडप उघडेल आणि ७.३ ला बंद होईल असा कंट्रोलर लावा. सामूचा प्रोब आठवड्याला तपासा. तो सरकला तर झडप उघडीच राहते, सामू ६.५ खाली जातो आणि वाढ मंदावू शकते. रात्री वायू बंद. सिलिंडर हवेशीर जागेतच ठेवा.

कल्चर किती दाट झालं ते कळायला रोज ७५० नॅनोमीटरवर त्याचं प्रकाशशोषण मोजा. ६८० वर मोजलं तर उपासमारीत हरितद्रव्य घटल्यामुळे शेवाळच कमी झालं असं वाटतं. दोन-तीन दिवसांनी २० मिलिलिटर नमुना वजन केलेल्या काचतंतूच्या फिल्टरवर गाळून, धुऊन, १०५ अंशांवर स्थिर वजनापर्यंत वाळवा. पकडलेल्या कार्बनचा पुरावा हाच.

हिरवा रंग पिवळट झाला की उपासमार लागली. त्यानंतर चार ते सहा दिवस थांबा. मात्र पाणी अचानक निवळ होऊ लागलं, तर ती उपासमार नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी दिसतील, ते शेवाळ खाऊन टाकतात. नळी रिकामी करून ब्लीचने धुवा आणि नव्याने सुरुवात करा. वाचवायच्या भानगडीत पडू नका.

काढणी

सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ११ पर्यंत न्या. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका शेवाळाला घेऊन खाली बसतो. त्या साक्याचं वजनही गाळात येतं, म्हणून हिशेबाचं कोरडं वजन या पायरीआधीच घेतलेलं हवं. वरचं पाणी काढून गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. १५ टक्के घन असलेली लगदी मिळते.

लिटरला एक ग्रॅम धरलं तर हाती २० ग्रॅम कोरडं शेवाळ, म्हणजे ३७ ग्रॅम पकडलेला वायू. २५ टक्के तेल धरलं तर ५ ग्रॅम, त्यातली ऊर्जा सुमारे १८५ किलोज्यूल. लगदीतलं ११३ ग्रॅम पाणी नुसतं वाफ करायलाच २५० किलोज्यूल लागतात. पाच वॉटचा पंप बारा दिवसांत १.४४ युनिट वीज खातो, म्हणजे ५,१८४ किलोज्यूल. या प्रमाणावर इंधन हा केवळ नमुना आहे. ऊर्जाच हवी असेल तर लगदी न वाळवता बायोगॅस संयंत्रात घालणं जास्त शहाणपणाचं. शिवाय तेल जाळलं की त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. त्याची नोंद कायमच्या साठवणुकीत करू नये.

तेल आणि बायोडिझेल

क्लोरेलाची पेशीभित्ती चिवट असते. बीड मिलमध्ये (बारीक मण्यांनी घुसळणारं यंत्र) फोडल्याशिवाय द्रावक आत जात नाही. वाळवलेल्या भुकटीला ग्रॅममागे २० मिलिलिटर, हेक्झेन आणि आयसोप्रोपेनॉल ३:२, धूर खेचणाऱ्या कपाटातच. जवळ ज्योत नको.

निघालेलं तेल हिरवट असतं आणि त्यात मुक्त मेदाम्लं बरीच असतात. त्याचं बायोडिझेल करायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर साबण होतो आणि थर वेगळे होत नाहीत. म्हणून मिथेनॉलमध्ये २ टक्के सल्फ्युरिक आम्ल घालून ६० अंशांवर रिफ्लक्समध्ये (वाफ गार होऊन परत भांड्यात पडेल अशा मांडणीत) काही तास ठेवा. पाण्याचा अंश राहिला तर अभिक्रिया अर्ध्यावर अडते. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही.

काढणीनंतरचं पाणी आम्लाने सामू ७.५ वर आणून, नायट्रेट, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम पुन्हा घालून वापरता येतं. पण दर फेरीला त्यात सोडियम आणि सेंद्रिय पदार्थ साठत जातात. फेस वाढू लागला की ते पाणी बदला.