सरकारी निधीवरील वैद्यकीय संशोधनात आर्थिक हितसंघर्ष कसा हाताळावा

आर्थिक हितसंबंधांचे घोषणापत्र हातात पडले की कोल्हापुरातल्या बहुतेक डॉक्टरांची पहिली प्रतिक्रिया दुखावल्याची असते आणि दुसरी प्रतिक्रिया ‘निरंक’ असे लिहून सही ठोकण्याची. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. हितसंघर्ष म्हणजे गैरव्यवहार नव्हे. ती एक परिस्थिती आहे, ज्यात संशोधनाचा निकाल एका बाजूने लागला तर संशोधकाचा किंवा त्याच्या घरच्यांचा आर्थिक फायदा होऊ शकतो. अशा परिस्थितीत अत्यंत सचोटीचा माणूसही सापडतो, आणि ती कागदावर मांडणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे नव्हे. पैसा करदात्यांचा आणि शरीर रुग्णाचे, म्हणून ही मांडणी आवश्यक ठरते.

प्रथम आपल्या प्रकल्पाला कोणते नियम लागू आहेत ते पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ सालची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे ही जबाबदारी तिघांवर टाकतात: संशोधकाने हितसंबंध उघड करावेत, संस्थेने त्यासाठी धोरण आखावे आणि नैतिकता समितीने प्रत्येक प्रस्ताव त्या दृष्टीने तपासावा. नव्या औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमही लागू होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, निधी एखाद्या परदेशी विद्यापीठामार्फत आपल्याकडे येत असेल तर तिकडचे नियम बारकाईने वाचावेत. २०११ मध्ये सुधारलेल्या त्या नियमांनुसार स्वतःचे, जोडीदाराचे आणि अवलंबून असलेल्या मुलांचे हितसंबंध संस्थेला सांगावे लागतात. मागील बारा महिन्यांत एखाद्या कंपनीकडून मिळालेली रक्कम आणि तिच्या सूचीबद्ध शेअरचे मूल्य मिळून ५,००० डॉलरच्या वर गेले तर ते कळवायचे असते, आणि शेअर बाजारात नसलेल्या कंपनीत मात्र कितीही छोटा वाटा असला तरी तो सांगावाच लागतो.

यादी करायला बसताना केवळ आठवणीवर विसंबू नये. आयकर संकेतस्थळावरून आपले २६एएस (कापलेल्या कराचे विवरण) आणि वार्षिक माहिती विवरणपत्र उतरवून घ्यावे. व्याख्यानाचे मानधन, सल्लागार शुल्क आणि त्यावर कापलेला कर त्यात दिसतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार व्यवसायाच्या अनुषंगाने वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ वस्तुरूपात दिला तरी देणाऱ्याला १० टक्के कर कापावा लागतो, त्यामुळे परिषदेच्या निमित्ताने झालेला एखादा विसरलेला विमानप्रवासही तिथे सापडू शकतो. त्यानंतर शेअर, पेटंट, स्वामित्वशुल्क आणि भाड्याने दिलेल्या जागा नोंदवाव्यात. ज्या म्युच्युअल फंडातील गुंतवणुकीचे निर्णय आपण घेत नाही, तो अमेरिकी नियमांतूनही वगळलेला आहे, तेव्हा त्याची चिंता करू नये.

छापील नमुना अपुरा पडतो तो यापुढे. आपल्या भागातला पैसा शेअर बाजारापेक्षा सहकारी संस्था, भावकीतली भागीदारी आणि पाहुण्यांच्या एजन्सीत अधिक असतो. मेव्हण्याची औषधांची घाऊक एजन्सी किंवा सुनेच्या नावावरची पॅथॉलॉजी लॅब यांना नमुन्यात रकाना नसतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहावा: या अभ्यासाचा निकाल अनुकूल लागला तर इथे पैसा येईल का? साखर कारखान्याचा सभासद असणे मधुमेहाच्या गोळीच्या अभ्यासात गौण आहे. त्याच कारखान्याच्या सांडपाण्याचा आसपासच्या गावांतील आरोग्यावर काय परिणाम होतो हे तपासणाऱ्या संशोधकाला मात्र ते सभासदत्व पहिल्या ओळीत लिहावे लागेल.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयावर लोहयुक्त गूळ उपयोगी पडतो का, असा सरकारी अनुदानाचा प्रस्ताव आहे. मुख्य संशोधक प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापक आहेत आणि त्यांच्या भावाचे गुऱ्हाळ हाच गूळ तयार करते. अमेरिकी नियमाच्या चौकटीत भाऊ बसत नाही, तरीही हा हितसंघर्ष आहे. बाईंनी काय करावे? प्रस्ताव पाठवण्याआधी अधिष्ठात्यांना लेखी कळवावे आणि पत्राची पोच आवक क्रमांकासह ठेवावी. पुढे काय करायचे हे त्यांनी स्वतः ठरवू नये, तो निर्णय संस्थेने नेमलेल्या आणि या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या दोन-तीन जणांच्या समितीने घ्यावा.

समितीपुढे पर्याय अनेक असतात आणि प्रकल्प रद्द करणे हा त्यातला शेवटचा. गूळ अन्य गुऱ्हाळांकडूनही दरपत्रके मागवून संस्थेच्या खरेदी समितीने घ्यावा. लोहयुक्त आणि साधा गूळ सारख्याच वजनाच्या, सारख्याच पुड्यांत बांधून त्यावर केवळ संकेतांक घालावा आणि त्या संकेतांकांची किल्ली बंद लिफाफ्यात संस्थेच्या बाहेरील व्यक्तीकडे राहावी. नेहमीच्या लोहगोळ्या अर्थातच दोन्ही गटांना चालू राहतील. स्त्रियांची निवड, संमती घेणे आणि हिमोग्लोबिनची तपासणी ही तीन कामे बाईंनी करू नयेत. आकडेवारीचे विश्लेषण प्रकल्पाबाहेरच्या संख्याशास्त्रज्ञाकडे द्यावे, शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग असताना त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. भावाचे गुऱ्हाळच एकमेव पुरवठादार ठरत असेल तर बाईंनी मुख्य संशोधकपद सहकाऱ्याकडे सोपवून सल्लागार राहावे, असे माझे मत आहे. समितीने ‘योग्य ती काळजी घ्यावी’ एवढाच शेरा मारला तर तो परत पाठवावा. कोणी, काय, केव्हा करायचे आणि त्यावर देखरेख कोणाची, हे लिहिल्याखेरीज ते व्यवस्थापन ठरत नाही.

संमतीपत्रात ही गोष्ट रुग्णाला समजेल अशी यावी. ‘संशोधकाचे संभाव्य आर्थिक हितसंबंध विहित पद्धतीने घोषित केलेले आहेत’ या वाक्यातून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात राधानगरीहून आलेल्या बाईला काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘या अभ्यासातला गूळ मुख्य डॉक्टरांच्या भावाच्या गुऱ्हाळात तयार होतो. पुढे तो जास्त विकला गेला तर त्यांच्या कुटुंबाला फायदा होऊ शकतो. म्हणून तुम्हाला अभ्यासात घेण्याचे आणि तुमचे रक्त तपासण्याचे काम त्या स्वतः करणार नाहीत.’ १९९९ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातील जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण दगावला, तेव्हा त्या संशोधन संस्थेच्या प्रमुखाचा आणि विद्यापीठाचाही संबंधित कंपनीत वाटा असल्याची बाब जगभर चर्चेत आली. माहिती उघड केली एवढ्याने रुग्णाचे रक्षण होत नाही, हे त्या प्रकरणानंतर ठळकपणे मांडले गेले. म्हणून वरच्या मजकुरातले तिसरे वाक्य पहिल्या दोहोंइतकेच महत्त्वाचे आहे.

नैतिकता समितीच्या सदस्यांनाही हे सारे लागू होते. ज्या सदस्याचा हितसंबंध आहे त्याने अध्यक्षांना लेखी कळवून त्या विषयापुरते बैठकीतून बाहेर जावे. नुसते गप्प बसून चालत नाही, कारण वरिष्ठ प्राध्यापक समोर बसलेले असताना कनिष्ठ सदस्य मोकळेपणाने बोलत नाहीत, हे कोणत्याही महाविद्यालयात काम केलेल्या माणसाला सांगावे लागू नये. सदस्य बाहेर गेल्याची आणि परत आल्याची वेळ इतिवृत्तात नोंदवावी आणि तो गेल्यावर किमान पाच सदस्यांची गणपूर्ती उरते का, हेही मोजावे.

कंपनीने मोफत दिलेले तपासणी संच, पट्ट्या किंवा उसने दिलेले यंत्र अनेकदा ‘मदत’ म्हणून नोंदीबाहेर राहते. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला सहभागी घेण्यापूर्वी नोंदणी करताना आर्थिक आणि वस्तुरूप अशा दोन्ही साहाय्याचा स्रोत द्यायचा असतो, तिथे हे लिहावे. एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, वैयक्तिक दिलेल्या भेटवस्तूंचा प्रश्न तर घोषणापत्रापर्यंत येऊच नये, कारण डॉक्टरांनी त्या स्वीकारण्यास व्यावसायिक आचारसंहितेने २००९ पासूनच मनाई केलेली आहे. शोधनिबंध पाठवताना आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिक संपादक समितीचा नमुना भरावा लागतो. त्यात बहुतेक प्रश्न मागील ३६ महिन्यांबद्दल असतात, म्हणून जुन्या याद्या टाकून देऊ नयेत.

घोषणापत्र एकदा दिले म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. प्रकल्पाच्या दुसऱ्या वर्षी एखादी कंपनी सल्लागार म्हणून बोलावते, किंवा मुलीचे लग्न औषध कंपनीच्या भागीदाराच्या घरात ठरते. एनआयएचच्या निधीत नवा हितसंबंध ३० दिवसांत संस्थेला कळवावा लागतो. सरकारी प्रकल्पालाही संस्थेने हीच मुदत ठरवून घ्यावी आणि निधीच्या खर्चाचे वार्षिक उपयोगिता प्रमाणपत्र तयार करतानाच प्रत्येक संशोधकाकडून ताजे घोषणापत्र घ्यावे. एखादा हितसंबंध वेळेत कळवायचा राहून गेला असेल तर मागील तारीख घालून कागद तयार करू नये. आजच्या तारखेचे पत्र द्यावे, मधल्या काळात कोणते रुग्ण कोणी निवडले आणि कोणत्या तपासण्या कोणी केल्या त्याची यादी जोडावी, आणि त्या काळातील नोंदी प्रकल्पाबाहेरच्या व्यक्तीकडून तपासून घेण्याची विनंती त्याच पत्रात करावी.