डिझेलची जुनी नाव बॅटरीवर कशी आणावी

कृष्णाकाठच्या कल्लोळ-येडूरकडच्या नावाडी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "आठ हॉर्सपॉवरचं इंजिन काढलं, तर मोटारही आठचीच लागेल की?" नाही लागत. इंजिनावरचा आकडा बाजूला ठेवा आणि नाव किती ओढ घेते ते मोजा.

नाव नेहमीइतकी भरा. दुसऱ्या नावेला दोरीने बांधा, मध्ये स्प्रिंगचा लोंबता काटा अडकवा आणि संथ पाण्यात ताशी 6 किलोमीटरने ओढा. वेग मोबाइलवर दिसतो. आमच्या काट्यावर 16 किलो आले. त्याला 9.8 ने आणि मग सेकंदाला 1.67 मीटर या वेगाने गुणलं की साधारण 260 वॅट होतात. नाव ढकलणारा पाण्यातला पंखा आणि त्याला मोटारीला जोडणारा पट्टा मिळून निम्मी ताकद खातात असं धरा, म्हणजे बॅटरीतून सव्वापाचशे वॅट. एवढंच! पण वेग वाढला की खर्च घनाच्या पटीत चढतो. ताशी 2 किलोमीटरच्या प्रवाहाविरुद्ध काठाच्या हिशेबाने तेच 6 हवे असतील, तर पाण्यात 8 चा वेग लागतो आणि खर्च साडेबाराशे वॅटवर जातो. म्हणून 48 व्होल्टची 2 किलोवॅटची मोटार पुरे.

इंजिन काढल्यावर आधी बूड तपासा. डिझेल मुरलेल्या, कुजलेल्या फळ्या बदला. पंख्याचा दांडा (शाफ्ट) बुडातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाणी येत असेल तर नवी दोरी भरा. मोटारपंपाचं काम करणारा कुठलाही मिस्त्री हे करतो.

ई-रिक्षाच्या जातीची मोटार चालते, मात्र तिचे फेरे जास्त असतात. पुलीने ते उतरवा. जुना पंखा तूर्त राहू द्या. पूर्ण वेगात मोटार ठरल्यापेक्षा जास्त अँपिअर ओढत असेल, तर पुली बदलून शाफ्टचे फेरे आणखी कमी करा.

बॅटरी लिथियम-फॉस्फेटची घ्या, बीएमएससकट, म्हणजे बॅटरीला सांभाळणाऱ्या सर्किटसकट. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची बॅटरी 80 टक्के वापरली तर संथ पाण्यात पावणेआठ तास, त्या प्रवाहाविरुद्ध सव्वातीन. शिशाची स्वस्त पडते, पण निम्मीच वापरायची आणि वजन भलतंच. बॅटरीची पेटी इंजिनाच्याच जागी, तळात साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवा आणि पट्ट्याने आवळा. इंजिन गेल्यावर मागची बाजू उचलली जाते. नाव सपाट तरंगेपर्यंत पेटी पुढेमागे सरकवून बघा.

वायर जाड हवी, 25 चौरस मिलिमीटरची. फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी खेटून, त्यानंतर हाताशी येईल असा मुख्य स्विच. इथे काटकसर नको, शॉर्ट झाल्यावर जाड वायरही लाल होते. मोटारीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर पाण्यापासून झाका, पण वारा लागू द्या. आमचा बंद डब्यात तापून दर वीस मिनिटांनी थांबायचा, आणि आम्ही दोन दिवस मोटारीलाच शिव्या घालत होतो.

यांत्रिक नावेला नोंदणी लागते, विजेवर आणली म्हणून सूट नाही.

चाचणी उन्हाळ्याच्या तोंडावर घ्या. पावसाळ्यात कृष्णा पुलांवरून वाहते, तेव्हा मोटार असो वा इंजिन, नाव काठाला. वल्ही, दोर आणि जाकिटं बरोबर असू द्या. पहिली फेरी प्रवाहाच्या उलट मारा. बॅटरी संपलीच, तर नदी तुम्हाला घाटाकडे आणून सोडेल.