वस्ताद नसताना लाठी शिकायची तर

कोल्हापुरात शिवजयंतीला मर्दानी खेळ बघितले आणि एकेचाळिसाव्या वर्षी लाठी हातात घेतली. आमच्या गावात ना तालीम, ना वस्ताद. तीन वर्षं झाली, पहाटे गच्चीवर एकटीच फिरवते. माझ्यासारख्या कुणाची सोय नसेल, तर हे वाचा.

लाठी भरीव बांबूची, पेरं एकमेकांच्या जवळ असलेली आणि उभी धरल्यावर कानापर्यंत येणारी घ्या. पेरांवरचे डोळे कानशीने घासून काढा, नाहीतर तळहात सोलवटतो. तेल चोळून दोन दिवस सावलीत ठेवा. उन्हात बांबू तडकतो.

पहिले पंधरा दिवस लाठी भिंतीलाच टेकलेली राहू दे. आधी पवित्रा. गुडघे थोडे वाकवून पाय मागेपुढे टाकायचे, पण कंबर वरखाली होता कामा नये. मी भिंतीवर कंबरेच्या उंचीला खडूने रेघ मारली, समोर टाकीला टेकवून मोबाईल ठेवला आणि रोज बघत गेले. आठवडाभर दर पावलाला कंबर रेघेच्या वर उसळत होती.

मग फिरकी. लाठी मध्यावर धरून एकदा उजव्या, एकदा डाव्या अंगाला, आडवा इंग्रजी आठ काढल्यासारखी. सुरुवात डाव्या हाताने करा, तो आळशी असतो. आवाज ऐकत राहा. सूंऽ सूंऽ एकसारखं आलं तर ठीक. मध्येच तुटलं की समजायचं, मनगट अडकलं. तिथेच थांबून तेवढंच वळण सावकाश वीसदा करायचं. दुसऱ्या महिन्यात मी घाई केली, लाठीचं टोक घोट्यावर बसलं आणि बारा दिवस चप्पल घालता आली नाही.

वार अडवणं मात्र एकट्याने येत नाही, त्याला समोर माणूसच लागतो. आणि दांडपट्ट्याला एकट्याने हात लावू नका, अगदी कळकळीने सांगते. कोपरापर्यंत हात खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, अडकलेला, पातं लवचीक. चुकलं तर ते आपल्याच अंगावर येतं.

जमेल तेव्हा एकदा तरी जाणत्याला दाखवून या. सहा महिन्यांनी मी कोल्हापूरच्या एका वयस्कर वस्तादांपुढे लाठी फिरवली. त्यांनी काही न बोलता माझा डावा अंगठा धरला आणि लाठीवर लांब पडलेला होता तो बोटांवर वळवून ठेवला. ती खोड मोडायला पुढे चार महिने लागले.