फॉल लावून फेडलेलं कार्डाचं कर्ज

सासूबाईंच्या ऑपरेशनचे ८४,००० रुपये क्रेडिट कार्डावर चढले. दरमहा ‘किमान रक्कम’ ४,२०० भरत होते आणि कर्ज फिटतंय असं समजत होते. एकदा स्टेटमेंट नीट वाचलं. महिना साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. मुद्दलात जेमतेम सातशे! त्या रात्री झोप लागली नाही.

आधी नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेतून वर्षाला १२ टक्क्यांनी कर्ज काढून कार्ड पूर्ण फेडलं आणि बंदच केलं. हे सगळ्यात महत्त्वाचं. मग दरमहा ६,५०० भरायचं ठरवलं.

वरचे २,३०० साड्यांच्या फॉलमधून आले. पिको शेजारचा टेलर करायचा, फॉल मी हाताने लावायचे. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आकसतो आणि साडीला चुण्या पडतात. खर्च जाऊन साडीमागे ८० सुटायचे. लग्नसराईत चाळीस साड्या, आषाढात जेमतेम दहा. तेव्हा दुधाचं एक पाकीट कमी केलं, कामावर घरचा डबा न्यायला एकही दिवस चुकले नाही.

चौदाव्या हप्त्याला पतसंस्थेचा ‘कर्ज बेबाक’ दाखला मिळाला. तो सासूबाईंनी देवापुढे ठेवला.